२४ वर्षांनी पुन्हा घोड्यावर: मांड आठवते, मांडीत बळ नसतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. ताई ४२ वर्षांच्या, राहायला लातूरला. लहानपणी औसा तालुक्यात आजोबांची घोडी होती. नवव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत तिच्यावर बसल्या. मग शिक्षण, लग्न, दोन मुलं, आणि २४ वर्षं घोड्याला हात लागला नाही. यंदा पुतण्याने मारवाडी घोडा आणला. हौसेनं बसल्या तर तो जागेवरच नाचायला लागला. दहा मिनिटांत उतरल्या तेव्हा पाय लटपटत होते, पुढचे तीन दिवस जिना उतरवेना. आता विचारतात, सगळं विसरलं का? वय निघून गेलं का? पुतण्या म्हणतो रोज बस, सवय होईल, ते खरं का? की स्वतःची घोडी घ्यावी? आणि आजोबांचं खोगीर माळ्यावर आहे, ते चालेल का?

मी ५८ चा. अंबाजोगाईच्या बाजूला २५-२६ वर्षं घोडी सांभाळतो आणि लोकांना बसायला शिकवतो. त्यात नव्यानं शिकणारे बरेच, पण तुमच्यासारखे मधे मोठा खंड पडलेलेही पुष्कळ आले. अनुभवानं सांगतो, परतणाऱ्याला शिकवणं नवख्यापेक्षा अवघड. नवख्याला माहीत असतं की आपल्याला येत नाही.

तुम्ही विसरलेला नाहीत. सायकल, पोहणं, चुलीवरची भाकरी थापणं, या गोष्टी अंगात मुरतात त्या जात नाहीत. परतलेला माणूस घोड्यावर चढला की पहिल्या पाच मिनिटांत मला कळतं की हा पूर्वी बसलेला आहे. लगाम बोटांत बरोबर जातो, टाच आपसूक खाली येते, नजर घोड्याच्या दोन कानांमधून पुढे लागते. दहाव्या मिनिटाला मात्र चित्र पालटतं. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू थरथरायला लागतात, गुडघे आवळले जातात, टाच वर येते, खांदे पुढे पडतात. मांड आठवते, मांडीत बळ नसतं. मांडीनं हात टेकले की तोल सांभाळायचं काम हाताकडे जातं, आणि हातात असतो लगाम. तिथून पुढे जे बिघडतं ते सगळं घोड्याच्या तोंडात बिघडतं.

पुतण्याच्या घोड्याचंही तेच झालं असणार. अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद, निजामाच्या काळात इथं घोडदळाची छावणी होती. छावणी गेली, घोडी उरली ती वरातीची, जत्रेतली आणि हौशी लोकांच्या दारातली. त्यात नाचकामाचा घोडा वेगळाच, आणि पुतण्याचा तसाच दिसतो. लगाम वर ओढून धरला आणि टाच लागली की पाय उचलायचे, हे त्याला महिनोन्‌महिने घोटून शिकवलेलं असतं. तुम्ही घाबरून लगाम आवळला, गुडघे मिटले, टाच पोटाला लागली. तुमच्या मते तुम्ही ‘थांब’ म्हणत होता, त्याला ऐकू आलं ‘नाच’. घोडा बिचारा आज्ञाधारकपणे नाचला. तुम्ही जितक्या आवळत गेलात तितका तो जास्त नाचला असेल, आठवून बघा. रोज त्याच्यावर बसून सवय होईल ती दोघांनाही चुकीचीच.

वरातीची सगळी घोडी वाईट असतात असं मात्र मी म्हणणार नाही. नवरदेवाला घेऊन बँड, फटाके, पोराटोरांच्या गर्दीतून शांत चालणारी वयस्कर घोडी मिळाली तर परतणाऱ्यासाठी तिच्यासारखी गुणी दुसरी नाही. खोट एकच, कायम कोणीतरी मोहरकी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, धरून पुढे चालायची सवय असल्यानं आपला माणूस दिसला नाही तर ती जागची हलत नाही. ते चालवून घेता येतं.

पुतण्याच्या लगामाचं घोड्याच्या तोंडात जाणारं लोखंड एकदा बोट फिरवून बघा. काटे असतील तर आधी तो लगाम काढायला लावा. काटेरी लगामावर १९६५ च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधाच्या नियमांतच बंदी आहे, पण बाजारात तो सर्रास मिळतो. थरथरत्या हाताच्या माणसाला काटेरी लगाम देणं म्हणजे घोड्याच्या जिभेवर सूड उगवणं.

आता एक गोष्ट सांगतो, ती कदाचित आवडणार नाही. तुम्हाला जे आठवतं त्यातलं निम्मं तुमचं नव्हतं, आजोबांच्या घोडीचं होतं. वीस वर्षं एकाच घरात राहिलेली घोडी लेकरू पाठीवर असलं की पाय जपून टाकते, वळणावर स्वतःच हळू होते, तोल गेला की अंग त्या बाजूला सरकवून घेते. लेकराला वाटतं मी चालवतो. माझ्याकडे एक चंद्री नावाची घोडी होती. मोठा माणूस बसला तर ती कान मागे टाकून खोड्या काढायची, आणि आठ वर्षांची पोर बसली की डोकं खाली घालून विहिरीवरच्या बैलासारखी संथ. त्या पोरी आज मोठ्या झाल्यात, भेटल्या की म्हणतात, काका, आम्ही काय भरधाव पळवायचो. ऐकून घेतो.

म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘विसरलं का’ हा नाही. आठवण लवकर परत येणार, ताकद उशिरा येणार, आणि घोडा अनोळखी असणार. या तिन्हींचा मेळ बसेपर्यंत पडायचं कसं टाळायचं, हा प्रश्न आहे. धोका पहिल्या दिवशी नसतो. पहिल्या दिवशी माणूस जपतो. धोका पाचव्या-सहाव्या आठवड्यात, जेव्हा वाटायला लागतं की आलं सगळं परत.

हे मी स्वतःच्या हाडावर शिकलो. वडिलांच्या आजारपणात माझा तीन वर्षं खंड पडला. तेव्हा मी ४६ चा, आणि शिकवणारा माणूस, म्हणजे गर्व आलाच. परत सुरू केलं, महिनाभर झकास गेला. मार्चचा शेवट होता. ज्वारी काढलेल्या रानात एका ओळखीच्याची घोडी चौखूर सोडली. काळ्या मातीला तेव्हा अशा भेगा पडलेल्या असतात की मनगट आत जावं. घोडीचा पुढचा पाय अडकला, ती सावरली, मी सावरलो नाही. विशीत असतो तर मांड्या आपसूक आवळल्या गेल्या असत्या. या वेळी काय करायचं ते डोक्याला माहीत होतं, पायांना निरोप पोचेपर्यंत मी जमिनीवर होतो. गळपट्टीचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. घोडी मात्र शेजारी उभी राहून धाटं खात होती.

तेव्हापासून माझा नियम: फेब्रुवारी ते पाऊस पडेपर्यंत काळ्या रानात पळवायचं नाही, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही, चिखलात नाल घसरते. मुरमाड माळरान चांगलं. डांबरी रस्त्यावर फक्त चाल.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. पाठीचं दुखणं, मणक्याची गादी सरकलेली, गुडघे, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग घोडा. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू सैल राहिले असतील, शिंकताना लघवीचा थेंब जात असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. दुडकी चालीत, म्हणजे धक्के देणाऱ्या मध्यम वेगाच्या चालीत, ते लगेच जाणवतं, आणि व्यायामानं बरंच सुधारतं. हे मला पुरुष असून सांगावं लागतं, कारण बायका सांगत नाहीत आणि मग ‘मला जमत नाही’ म्हणून सोडून देतात. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेलं नसेल तर घ्या. लीद आणि तबेल्याची माती म्हणजे धनुर्वाताच्या जंतूंचं घरच.

वजनाचं कोणी बोलत नाही, मी बोलतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं. आपल्याकडचा मध्यम मारवाडी साधारण साडेतीनशे ते चारशे किलोचा धरा, म्हणजे ७० ते ८० किलो, त्यात आठ-दहा किलो खोगीर. हिशोब बसत नसेल तर लाजायचं काही नाही, थोराड घोडा शोधायचा.

घोड्यावर बसण्याआधी महिनाभर घरीच तयारी करा. पायरीच्या कडेला चवडे टेकवून उभं राहायचं आणि टाचा हळूहळू खाली सोडायच्या, मिनिटभर. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, नेमका हाच ताण लागतो. एका पायावर उभं राहून दात घासा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायावर. उकिडवं बसून हात न टेकता उठा. आपल्या आया चुलीपुढं दिवसातून पन्नासदा उठबस करायच्या, आपण ओट्यापुढं उभे राहायला लागलो आणि मांड्या गेल्या.

मग सुरुवात. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, २५ मिनिटं. रोज नको, दुखऱ्या मांडीनं बसलं की वाकडं बसायची सवय लागते. पहिले तीन आठवडे नुसती चाल, तीही लांब दोरावर, दोर जमिनीवरच्या माणसाच्या हातात. घोडा गोल फिरेल आणि तुम्ही फक्त बसायचं. लगाम हातात घ्यायचाच नाही. त्याऐवजी घोड्याच्या मानेत एक साधा चामडी पट्टा बांधा, तोल गेला की तो धरायचा. एवढ्या एका पट्ट्यानं तुमचा निम्मा प्रश्न सुटेल, कारण घाबरलेला हात कुठंतरी आवळणारच, तो घोड्याच्या तोंडावर आवळला जाऊ नये.

चढताना जमिनीवरून उडी मारायची हौस सोडा. ओटा, दगडी कट्टा, उसाच्या ट्रॉलीचं मागचं फळकूट, काहीही चालेल. खालून चढताना खोगीर फिरतं, घोड्याच्या पाठीला पीळ बसतो आणि आपल्या गुडघ्यालाही. उतरताना दोन्ही पाय आधी रिकिबीतून काढा, पोटावर टेका, हळू घसरा, गुडघे वाकवून जमिनीला लागा. ४२ व्या वर्षी उतरतानाच घोटा मुरगळलेले मी जास्त पाहिलेत.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसायचा तो दोनदा. पहिल्यांदा कसताना घोडा पोट फुगवतो, शहाणा असेल तर हमखास. पाचेक मिनिटं चालवून पुन्हा बघा, एक-दोन भोकं सहज मिळतात. रिकिबीची लांबी मोजायची जुनी रीत अजून बरोबर आहे: बोटांची टोकं वरच्या बकलाला लावा, पट्टा हाताखाली ताणा, रिकीब काखेत यायला हवी.

चौथ्या आठवड्यापासून दुडकी, दोन-दोन मिनिटांची. इथं एक गंमत होईल. मारवाडी-काठेवाडी घोड्यांत पुष्कळांना रवाल चाल असते, अंगात किंवा शिकवून. तीत धक्का नसतो, पाण्याचा तांब्या सांडत नाही म्हणतात. आजोबांची घोडी रवाल असेल तर तुम्ही दुडकीत उठबस करायला कधी शिकलाच नसाल, आणि साध्या दुडकी घोड्यावर वाटेल की सगळंच गेलं. गेलं नाही, ते आधीपासूनच नव्हतं. एक-दोन, एक-दोन मोजत उठायचं-बसायचं, आठवड्याभरात लागतं. उठताना हातानं ओढून घ्यायचं नाही, घोड्याचा धक्काच वर उचलतो.

चौखूर कधी? मी तारीख देत नाही. पाच मिनिटं दुडकी, लगाम एका हातात, दुसरा हात मांडीवर सैल, आणि त्या वेळात शेजारच्याशी गप्पा मारता आल्या की पुढचं बघू. कोणाला दोन महिने लागतात, कोणाला सहा. एकीनं तर दीड वर्ष चाल आणि दुडकीतच काढलं, आजही खूश आहे.

कपड्यांचं घाईत सांगतो. ओढणी नाही, सैल सलवार नाही, काचेच्या बांगड्या आणि अंगठ्या घरी. मंगळसूत्र लांब असेल तर कपड्याच्या आत. बूट थोड्या टाचेचा, गुळगुळीत तळाचा. खाचाखाचांचे खेळाचे बूट रिकिबीत अडकतात आणि माणूस पडला तर फरफटत जातो. रिकीब बुटापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी. हेल्मेट घोडेस्वारीचंच घ्या. मोटारसायकलचं जड असतं, मान ओढतं, आजूबाजूचं नीट दिसत नाही. एकदा डोक्यावर आपटलं की ते हेल्मेट बाद, वरून कितीही चांगलं दिसो.

वेळ सकाळची. उन्हाळ्यात सहा ते साडेसात, पुढे घोडा तापतो. गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत, कर्कश गाणी लावून ट्रॅक्टर येतात, त्या रस्त्यापासून लांब राहा. समोरून आलाच तर घोड्याचं तोंड त्याच्याकडे करून उभं राहा. घोड्याला पाठीमागून आलेली गोष्ट जास्त भिववते. आणि उधळलाच तर दोन्ही लगाम एकदम ओढू नका, त्या ओढाताणीत तोच जिंकतो. एकच बाजू हळूहळू घेऊन त्याला मोठ्या गोलात वळवा, गोल लहान करत न्या.

भीतीबद्दल तुम्ही लिहिलंय की लाज वाटली. लाज कशाची? सोळाव्या वर्षी हाड मोडलं तर आई करून घालते. आता तुमचं हाड मोडलं तर घर थांबतं, हे तुमच्या अंगाला कळतं, म्हणून पाय लटपटतात. ती भीती घालवायची नाही, तिला काम द्यायचं. तंग तिला तपासू द्या. बसल्यावर मात्र श्वास मोठ्यानं बाहेर सोडा. माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या, त्या दुडकीत अडीचकी म्हणायच्या. पाढा म्हणताना श्वास कोंडता येत नाही. लोक बघतील, झाशीची राणी म्हणतील, ऐकून सोडा. तेवढ्यावर भागलं तर स्वस्त.

घोडी घ्यायचं म्हणाल तर या वर्षी नको. आज तुम्ही जी निवडाल ती आठवणीतली असेल. सहा महिन्यांनी तुमच्या मांडीला काय झेपतं ते कळेल, मग निवड. शिवाय खर्चापेक्षा पाण्याचा विचार करा. एका घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तुम्ही लातूरच्या, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी तुम्हाला मी काय सांगावं. सात-आठ किलो कडबा-गवत, वर चंदी म्हणजे दाणा, दीड-दोन महिन्यांनी नाल, आणि पोटशूळ उठला तर रात्री दोन वाजता धावून येणारा डॉक्टर, हे आधी ठरवा.

पुढे घ्यायचीच झाली तर माळेगावची जत्रा आहेच, लोह्याजवळ, मार्गशीर्षात खंडोबाची. पहिल्या वर्षी फक्त बघायला जा, पैसे घरी ठेवून. जत्रेत घोड्याची उंची इंचांत मोजतात, ६२, ६४, आणि इंच वाढले की भाव वाढतो. तुम्हाला इंच नकोत, वय हवं: १० ते १५ वर्षांची, बरंच जग बघितलेली. ग्लँडर्सची तपासणी झाल्याचा कागद मागा, तो रोग माणसालाही होतो. सौदा पक्का करण्याआधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय काही लांब नाही.

राहिलं आजोबांचं खोगीर. खाली उतरवा, उन्हात टाकू नका, सावलीत ओल्या फडक्यानं पुसा. पट्टे बोटांनी दुमडून बघा, दुमडल्या जागी बारीक भेगा दिसल्या की ते गेले. तंग आणि रिकिबीचे पट्टे कसेही दिसले तरी नवेच घाला, चोवीस वर्षं माळ्यावर पडलेल्या शिवणीवर जीव टांगायचा नाही. मग पुढचा उंचवटा पोटाशी धरा आणि मागची कड दोन्ही हातांनी आपल्याकडे दाबा. लाकडी सांगाडा शाबूत असेल तर जरासं दबून परत येतं. मधूनच वाकलं, करकरलं, तर सांगाडा मोडलाय, ते घोड्याच्या पाठीवर टाकू नका. शाबूत निघालं तर नुसतं घोड्यावर ठेवून, तुम्ही बसल्यावर, पुढे खांद्याच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं आत जातात का ते पुतण्याला बघायला सांगा. आजोबांची घोडी बहुधा ठेंगणी, भरल्या पाठीची असेल. हा मारवाडी उंच खांद्याचा, त्याला ते टोचायचीच शक्यता जास्त. फोटो काढून टाका इथं, बाजूनं आणि खालून, मी सांगतो.